सोसणे आणि सांगणे

येत्या ११ फेब्रुवारीला लूर्द मातेचा सण आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली याच दिवशी जागतिक रुग्ण दिन पाळण्याचे जाहीर केले आणि १९९३ पासून ख्रिस्तसभा तो पाळत आली आहे. त्याआधी ५ तारखेला संत अगाथाची आठवण होते. सिसिली बेटावरील ही तिसऱ्या शतकातील रक्तसाक्षी. तिच्या छळाची जी कथा परंपरेने चालत आली आहे, तिच्यामुळे स्तनाच्या आजाराने ग्रासलेल्या भगिनी तिची मध्यस्थी मागतात. या दिवसांत एक प्रश्न आम्हांला, म्हणजे रुग्णभेटीला जाणाऱ्या आम्हा चौघा-पाच जणांना, सतावतो. दुःख प्रभूला अर्पण करायचे म्हणजे ते कुणाला सांगायचेच नाही का?

प्रश्न पुस्तकातून आलेला नाही. आमच्या हातून चूक घडली, त्यातून आला आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका मावशींना स्तनाचा कर्करोग झाला. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. ऑपरेशन झाले, मग केमो सुरू झाली. पहिले औषध लाल रंगाचे; त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही तांबडी होते. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचा पुंजका आला. तोंडात फोड उठले. भात गार करून, ताक घालून, तोही चार घासच. सर्वांत मोठा त्रास वासाचा. शेजारी बोंबील तळायला घेतले की मावशी मागच्या दारी जाऊन बसायच्या. जन्मभर ज्या वासाने भूक लागली, त्यानेच आता पोटात ढवळू लागले.

आम्ही भेटीला गेलो, जपमाळ म्हटली. निघताना आमच्यापैकी एकजण म्हणाली, “मावशी, सगळं प्रभूला अर्पण करा. त्यानं कुठं तक्रार केली?” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी मावशींना थंडी वाजून ताप आला. त्यांनी कुणाला सांगितले नाही. गोधडी घेऊन पडून राहिल्या. सकाळी सुनेने अंगाला हात लावला तेव्हा अंग भाजत होते. आठ दिवस इस्पितळात राहावे लागले. शुद्धीवर आल्यावर त्या आम्हांला एवढेच म्हणाल्या, “बाय, तुम्हीच सांगितलं ना, तक्रार करू नका म्हणून?”

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, हाडांतला मगज यांतील पेशीही भराभर वाढतात, म्हणून त्यांनाही फटका बसतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या वेळी १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते, त्याच रात्री दवाखाना गाठायचा असतो. मावशींना हे कागदावर लिहून दिले होते. पण आमचा शब्द त्या कागदापेक्षा जड ठरला.

मग आम्ही शुभवर्तमान पुन्हा उघडले. प्रभूने खरोखरच तक्रार केली नाही का? गेथशेमानी बागेत त्याने प्याला दूर व्हावा अशी याचना केली, आणि मित्र झोपले म्हणून त्यांना बोलही लावला. क्रूसावरून तो मोठ्याने ओरडला. गंधरस मिसळलेला द्राक्षारस त्याने नाकारला, हे कुणीतरी नक्की सांगेल, आणि ते खरे आहे. पण त्याच क्रूसावर, शेवटी, तहान लागली असे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि समोर धरलेली आंब घेतली. नाकारणे हा त्याचा निर्णय होता. तो त्याच्यावर कुणी लादला नव्हता.

बारावे पायस यांनी १९५७ साली भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की वेदना कमी करणारे औषध घेणे ख्रिस्ती माणसाला निषिद्ध नाही. १९८४ साली दुसरे जॉन पॉल यांनी मानवी दुःखावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात दुःखाचे तारणदायी मोल सांगितले आहे, तसा दयाळू शोमरोनीही आहे. त्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. वाटेत पडलेल्याला ‘अर्पण कर’ असे सांगून तो पुढे गेला नाही.

तरीही अर्पण हा शब्द पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. सगळा त्रास गोळीने जात नाही. उलटीवर औषध मिळाले, तोंडाच्या फोडांवर मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडला; पण पुढच्या औषधाने मावशींच्या बोटांची टोके बधिर झाली, ती महिनोन् महिने तशीच राहिली. ब्लाउजचे हूक लावायला सून लागायची. हे मी रोज त्याच्या पायाशी ठेवते, असे मावशी म्हणाल्या, तेव्हा आम्ही गप्प बसलो. ते म्हणण्याचा हक्क त्यांचा. दुसऱ्याचे दुःख आपण परस्पर अर्पण करू शकत नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांला ते घर जड झाले होते, काहीतरी बोलून बाहेर पडायचे होते. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. बोलू लागले आणि बिघडले.

आणखी एक अडचण लाजेची. अंगावरून जाणे, अंगाची आग, रात्रीचा घाम या गोष्टी पुरुष डॉक्टरपुढे कशा बोलायच्या? मग काही भगिनी रोजची हॉर्मोनची गोळी परस्पर बंद करतात. ही गोळी पाच वर्षे, कधी दहा वर्षेही घ्यायची असते. त्रास सांगितला तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. न सांगता सोडली तर कुणाला कळतही नाही.

मावशी आता गोळ्यांवर आहेत. गुडघे आणि बोटे सकाळी आखडतात. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा मंगळवारी त्यांना परळला जायचे होते. नातीच्या वहीचे पान घेतले आणि काय काय होते ते लिहू लागलो. सहा ओळी झाल्या. सहावी होती, ‘रात्री झोप लागत नाही, भीती वाटते.’ “ती खोडा बाय,” मावशी म्हणाल्या, “डॉक्टरांचा वेळ कशाला घ्या?” आम्ही खोडली नाही. पान घडी करून त्यांच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवले.