वर, अजून थोडं वर

पडद्यावरच्या ओळी थांबल्या आहेत.

इतका वेळ त्या सरसर धावत होत्या. आता तळाशी लाल चांदण्यांनी सुरू होणाऱ्या काही ओळी आहेत. त्यांच्याखाली कर्सर लुकलुकतो आहे.

जेंटू लिनक्सवर एखाद्या पॅकेजचा बिल्ड मोडला की असं दिसतं.

हात कीबोर्डवरून उचला. मांडीवर ठेवा.

पंखा ऐका. प्रोसेसरचं काम थांबलंय, म्हणून त्याचा आवाज हळूहळू उतरतोय. पूर्ण उतरेपर्यंत तसेच बसून राहा.

श्वास येतो. श्वास जातो.

तीच कमांड पुन्हा चालवून पाहावी, असं वाटेल. वाटू दे. डिसेंबर २०२३पासून जेंटूवर तयार बायनरी पॅकेजंही मिळतात, हेही आठवेल. आठवू दे. आज आपण मूळ कोडापाशी बसलो आहोत.

हात मांडीवरच राहू देत.

आता या लाल ओळी वाचा. एकेक शब्द.

पॅकेजचं नाव. आवृत्ती. आणि टप्पा: कंपाइल.

जेंटूचा पॅकेज मॅनेजर पोर्टेज प्रत्येक पॅकेज टप्प्याटप्प्यानं बांधतो. मूळ कोड उलगडायचा. पॅच लावायचे. कॉन्फिगर करायचं, कंपाइल करायचं, मग इन्स्टॉल. काम कुठे थांबलं, तेवढं लाल ओळींना ठाऊक आहे. का थांबलं, ते नाही. त्यांच्याकडून तेवढंच घ्या.

मात्र त्यांच्यातच एक पत्ता लिहिलेला आहे. बिल्ड डॉट लॉग या फाइलचा.

ती फाइल उघडा. अगदी शेवटच्या ओळीवर या.

इथून आपल्याला वर जायचं आहे.

शेवटी त्याच लाल ओळी. त्यांच्या वर मेक, बिल्ड चालवणारा प्रोग्राम, बोलतोय. एरर २. त्याच्या वरच्या ओळीतही मेक, तिथेही एरर. आतल्या फोल्डरमधला मेक बाहेरच्या मेकला कळवतो, तो त्याच्या बाहेरच्याला. हे सगळे निरोप देणारे. त्यांना दुखलेलं नाही.

त्यांना ओलांडा.

वर.

एका ओळीत मेक सांगतोय की हाती घेतलेली कामं अजून संपलेली नाहीत, ती संपायची वाट पाहतोय.

इथे थोडं राहा.

मशीनमध्ये आठ कोअर असतील, तर आठ फाइली एकाच वेळी कंपाइल होत असतात. एक पडते. उरलेल्या सात मध्येच सोडल्या जात नाहीत. त्यांचं काम पुरं होतं, आणि त्यांच्या ओळी लॉगमध्ये उतरत राहतात. म्हणून चुकीची ओळ मागे, वर राहते. तिच्याखाली सुखरूप पार पडलेल्या फाइली साचत जातात.

पाहा त्या ओळी. लांबच लांब. प्रत्येकीच्या शेवटी कुठल्याशा फाइलचं नाव.

यांना काही झालेलं नाही. नजरेसमोरून जाऊ द्या.

वर. अजून थोडं वर.

कधी इथे कोडाबद्दलचा एरर नसतो, 'किल्ड' हा शब्द असतो. मेमरी संपली, कर्नलनं कंपायलर बंद पाडला. जेंटूचं हँडबुक एकावेळच्या प्रत्येक कामामागे २ जीबी मेमरी धरायला सांगतं. कामांची संख्या कमी करावी, झालं. कधी बिल्ड दर वेळी वेगळ्याच फाइलवर मोडतो. तेव्हा कोडाकडे पाहण्यात अर्थ नाही. मेमरीची पट्टी रात्रभर तपासावी, उष्णता पाहावी.

आज तसं नाही. आज ओळ आहे.

वर.

एरर. पुढे दोन टिंबं.

थांबा.

हीच पहिली का? अजून वर पाहा. एका चुकीमागून वीस-तीस चुका निघू शकतात. आपल्याला सगळ्यांत वरची हवी आहे. तिच्यावर काहीच सापडेनासं होईपर्यंत जा, आणि मग परत तिच्यापाशी या.

आता कुठे जायचं नाही.

फाइलचं नाव वाचा. ओळीचा आकडा वाचा. मग वाक्य.

एसएनप्रिंटएफ या फंक्शनचे प्रकार जुळत नाहीत, असं कंपायलर म्हणतोय. त्याच्या खालच्या ओळीत तो सांगतोय, याची आधीची घोषणा सिस्टिमच्या हेडर फाइलमध्ये आहे.

(तुमचा डेस्कटॉप मराठीत असेल तर फार छान. बिल्डचे संदेश मात्र मूळ इंग्रजीत राहू द्या. हा लॉग पुढे दुसऱ्या कुणाला वाचावा लागणार आहे.)

वाक्य पुन्हा वाचा. ओठ न हलवता, कानानं.

सिस्टिमकडे हे फंक्शन आहे. तरी या पॅकेजनं स्वतःचं एक लिहून आणलंय. लांबीसाठी त्यानं वेगळा प्रकार वापरला, आणि दोन्ही समोरासमोर आले.

यात मला कुणाचा उद्धटपणा दिसत नाही. ज्याच्याकडे एखादी गोष्ट नसते, तोच ती घरून करून आणतो. या पॅकेजची समजूत अशी आहे, की या मशीनवर हे फंक्शन नाहीच.

ही समजूत आली कुठून?

प्रश्न मनात ठेवा. उत्तर देऊ नका.

वर.

ओळी बदलतात. लांब ओळी संपतात, आखूड सुरू होतात. हा कॉन्फिगरचा भाग. इथे नुसते प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

कंपायलर चालतो का? हो.

अमुक हेडर फाइल आहे का? हो.

तमुक? हो.

त्यांच्या लयीत वाचत जा. हो. हो. हो.

एसएनप्रिंटएफ नीट चालतं का? नाही.

इथे.

या 'नाही'पाशी बसा.

त्याला लाल रंग नाही. एरर हा शब्दही नाही. कॉन्फिगरनं ते टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. लॉगमध्ये यापेक्षा मोठ्यानं बोलणाऱ्या कितीतरी ओळी आहेत, पण खालचं सगळं इथून सुरू झालं.

आणि हे 'नाही' खरं नाही. एसएनप्रिंटएफ १९९९च्या सी मानकात आहे. तुमच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये ते आहे, आत्ता, या क्षणी.

मग मशीन 'नाही' का म्हणालं?

श्वास घ्या. आणखी एक फाइल उघडा, कॉन्फिग डॉट लॉग. पॅकेज जिथे उलगडलं, तिथेच ती असते. प्रत्येक प्रश्न कसा विचारला गेला, ते तिच्यात लिहिलेलं आहे.

आपला प्रश्न शोधा.

एक इवलासा प्रोग्राम दिसतो. थोड्याच ओळींचा. कॉन्फिगरनं तो लिहिला, कंपाइल करून पाहिला आणि पुसून टाकला. तो चालला नाही, म्हणूनच त्याचा मजकूर इथे उतरवून ठेवला गेला.

तो वाचा. वाचायला वेळ लागत नाही, तरीही सावकाश.

मेन आहे, पण त्याच्याआधी प्रकार लिहिलेला नाही. मध्ये एसएनप्रिंटएफला हाक आहे. शेवटी एक्झिट.

आणि माथ्यावर? एक्झिटची ओळख करून देणारी एसटीडीलिब ही हेडर फाइल तिथे हवी होती.

ती ओळ नाही.

त्या मोकळ्या जागेकडे पाहा.

जुन्या सी भाषेत एवढं चालत असे. फंक्शनची ओळख दिली नाही, किंवा त्याचा प्रकार लिहिला नाही, तर ते पूर्णांक परत करत असेल असं कंपायलर धरून चालायचा. १९९९च्या मानकानं ही सवलत काढली. जीसीसी या कंपायलरनं मात्र फार तर वॉर्निंग देत जुन्या कोडाला पुढची पंचवीस वर्षं सांभाळून घेतलं. मे २०२४मध्ये जीसीसी १४ आला, आणि त्या वॉर्निंगचा एरर झाला.

म्हणजे कंपायलर एसएनप्रिंटएफपाशी अडखळलाच नव्हता. तो अडला मेनपाशी आणि एक्झिटपाशी. प्रश्नच नीट उच्चारला गेला नाही, आणि मिळालेला नकार भलत्याच्या नावावर लिहिला गेला.

इथे राहा. जेवढं राहावंसं वाटेल तेवढं.

आता मनात एक सोपी वाट येईल. कंपायलरला जुनं मानक पाळायला सांगायचं, त्या पॅकेजपुरता एक फ्लॅग द्यायचा. तो गप्प होईल, बिल्डही होईल.

ती वाट पाहा, आणि असू द्या. रात्रीपुरती कुणी घेतली तर माझी तक्रार नाही. पण हा एरर कंपायलरच्या लहरीतून आलेला नाही. ६४ बिटांच्या मशीनवर पत्ता ६४ बिटांचा असतो आणि पूर्णांक ३२चा. एखादं फंक्शन पत्ता परत करतं आणि कंपायलर ते पूर्णांक समजतो, तेव्हा पत्त्याचा अर्धा भाग गळून पडतो. बिल्ड त्या दिवशी छान होतो. प्रोग्राम नंतर कोसळतो, दुसऱ्याच कुणाच्या हातात, आणि तिथून या ओळीपर्यंत परत येणारी कुठलीच वाट उरत नाही. कंपायलर आज बोलतोय, हा मी उपकारच मानतो.

हात आता कीबोर्डवर येऊ द्या.

मेनच्या आधी इंट. माथ्यावर एसटीडीलिबची ओळ.

कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या एवढ्याच बदलाचा पॅच करा. ईटीसीमध्ये पोर्टेजच्या फोल्डरात पॅचेस नावाचं फोल्डर करा, त्यात पॅकेजच्या वर्गाचं फोल्डर, त्याच्या आत पॅकेजच्या नावाचं, आणि पॅच तिथे ठेवा. पोर्टेज तो आपणहून उचलतो.

आता तीच कमांड: इमर्ज.

ओळी पुन्हा धावू लागतात. प्रश्नांचा भाग येईपर्यंत फक्त पाहत राहा.

हो. हो. एसएनप्रिंटएफ नीट चालतं का? हो.

पंखा परत वेग घेतो. फाइली आठ-आठनं पुढे सरकतात. त्यांना त्यांचं काम करू द्या.

तोवर तुमचं एक काम उरलं आहे. जेंटूच्या बगझिलावर हा दोष कुणी आधी नोंदवलाय का, ते पाहा. नसेल तर तुम्ही नोंदवा. शेवटच्या वीस ओळी कापून पाठवू नका. बिल्ड डॉट लॉग आणि कॉन्फिग डॉट लॉग, दोन्ही अख्खे जोडा, म्हणजे वाचणाऱ्यालाही त्या 'नाही'पर्यंत वर चढता येईल. सोबत इमर्ज इन्फोचा मजकूर आणि तुमचा पॅच. पॅकेजच्या मूळ लेखकाचा पत्ता कोडात अजून लिहिलेला असेल, तर एक प्रत त्यालाही पाठवा.