निघून जाण्याची मुभा

पुण्याहून अहमदाबादेस केवळ धावण्यासाठी जावे, आणि तेही असे की पाच तास धावून अखेर जेथून निघालो तेथेच येऊन उभे राहावे, हा व्यवहार ज्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांच्या कानी गेला त्या दिवशी त्यांच्या मुद्रेवर उपहासापेक्षा करुणेचा अंश अधिक होता. साबरमतीच्या पश्चिम काठाने, पाण्याच्या लगत बांधून काढलेल्या खालच्या फरसबंद वाटेवरून, सरदार पुलाजवळून निघावयाचे, एकामागून एक पुलांच्या पोटाखालून उत्तरेस जाऊन सुभाष पुलाच्या अलीकडे वळावयाचे आणि आल्या वाटेने परतावयाचे. अशा चार फेऱ्या झाल्या म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटरांचा हिशेब पुरा होतो. प्रदक्षिणेची उपमा येथे कोणी सुचवील, परंतु ती मला पटत नाही. प्रदक्षिणेस मध्यभागी देव असतो, आणि येथे तर मध्यभागच नाही.

या विचित्र अपूर्णांकाचे मूळ 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये असून, 1921 मध्ये तो अंतर म्हणून कायम झाला. आमचे आजोबा मोजणी खात्यात होते, आणि साखळी सैल पडली की कागदावर जमीन वाढते, हे त्यांचे वाक्य मला शर्यतीच्या मोजणीविषयी वाचताना वारंवार आठवले. शर्यतीचा मार्ग मोजतात तो चाकास गणकयंत्र बसविलेल्या सायकलने, आणि वाट आखुड भरू नये म्हणून दर किलोमीटरास एक मीटर जादा धरतात. म्हणजे धावणारा कायद्याने ठरलेल्या अंतरावर 42 मीटरांची पदरमोड करीतच असतो. फेऱ्यांच्या शर्यतीत ही दक्षता अधिकच अगत्याची, कारण एका फेरीतील चूक चौपट होऊन दप्तरी दाखल होते. उलट, आरंभ आणि शेवट यांतील सरळ अंतर एकंदर अंतराच्या निम्म्याहून अधिक नसावे आणि किलोमीटरामागे सरासरी एक मीटराहून अधिक उतार नसावा, ह्या विक्रमाच्या ज्या दोन अटींपायी 2011 साली बॉस्टनला जेफ्री मुताई याने 2 तास 3 मिनिटे 2 सेकंदांत पुरी केलेली दौड जागतिक विक्रम म्हणून नोंदली गेली नाही, त्या अटी आमच्या वाटेने न मागता पाळल्या होत्या. तिला उतारही नव्हता आणि तिला कोठे जावयाचेही नव्हते.

मात्र ही सपाटी निसर्गाची देणगी नव्हे. वर्षाचे कित्येक महिने येथे नदी म्हणजे वाळू होती. त्या वाळूत कलिंगडांचे मळे होते, सर्कशींचे तंबू पडत, गुजरी बाजार भरे आणि काठावर झोपड्यांतून हजारो कुटुंबे नांदत. 2005 मध्ये काम सुरू झाले, दोन्ही काठांना भिंती चढल्या, पात्र सर्वत्र सारख्या रुंदीचे झाले, कुटुंबे शहराच्या कडेला गेली, आणि नर्मदेच्या कालव्यातून आणलेले पाणी वासण्याच्या बंधाऱ्याने अडवून येथे उभे केले गेले. ज्या वाटेवर मी इतक्या निर्वेधपणे पाय टाकीत होतो ती कोणाच्या तरी अंगणावरून गेली असली पाहिजे, हा विचार दुसऱ्या फेरीत आला आणि पुढे गेला नाही. धावताना विवेकबुद्धीस फार वेळ तिष्ठत ठेवता येत नाही, ही धावण्याची एक सोय आहे आणि, माझ्या मते, एक दोषही.

सपाट वाट सोपी, हा समज टेकडीवर न धावलेल्यांचा असावा, असे मला पूर्वी वाटे. आता तो सपाट वाटेवर न धावलेल्यांचा आहे असे वाटते. चढावर श्वास फुलला तर चढास बोल लावता येतो, आणि उतारावर का होईना, पोटरीचे काम मांडीकडे सोपविता येते. समभूमीवर तेच स्नायू तेच काम पाच तास करतात आणि फिर्याद करावी असा प्रतिवादीच सापडत नाही. शरीराची परमावधी पाहावयाची असली तर माणसे सपाटी आणि आवर्तन यांकडेच वळतात: दोन तासांच्या आत हे अंतर कापण्यासाठी 12 ऑक्टोबर 2019 रोजी एलिउद किपचोगे व्हिएन्नात धावला तो डॅन्यूब आणि तिचा कालवा यांमधील प्राटरच्या सरळ झाडीत, त्याच त्या वाटेच्या फेऱ्या घालीत, आणि त्यास 1 तास 59 मिनिटे 40 सेकंद लागले. आळीपाळीने बदलणाऱ्या सोबत्यांच्या आधारामुळे तोही विक्रम म्हणून नोंदला गेला नाही, हा भाग निराळा.

परंतु फेऱ्यांच्या शर्यतीचे खरे काठिण्य पायांशी संबंधित नाही. एका गावाहून दुसऱ्या गावास धावणाऱ्यास, थकला तरी, पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसते. त्याचे कपडे, त्याची गाडी, त्याचा चहा, सारे पुढच्या गावी असते, आणि ज्याला आपण त्याचा निग्रह म्हणून गौरवितो त्यात बराचसा वाटा भूगोलाचा असतो. आमच्या वाटेस प्रत्येक फेरीअखेर फाटा फुटे: डावीकडे कमान, पदके, खुर्च्या आणि मेथीच्या थेपल्यांचा दरवळ, उजवीकडे पुन्हा तोच पूल. फाट्यावर उभा असलेला एक मुलगा, "काका, केटलामो आंटो?", कितवी फेरी, असे विचारी आणि उत्तर ऐकून मनगटास रंगीत फीत बांधी. पहिल्या फेरीस निळी बांधली तेव्हा अंधार होता आणि मनही ताजे होते. दुसरीस पिवळी बांधली तेव्हा पैलतीरी, जुन्या शहरावर, सूर्य नुकताच आला होता, माझ्याबरोबरचे अर्ध्या अंतराचे धावक हसत डावीकडे वळत होते, आणि त्यांच्यामागून जाण्यास मला कोणीही हरकत घेतली नसती. ही मुभाच जाचक. सक्तीने केलेल्या कामास एकदा होकार दिला की भागते. मुभा असलेल्या कामास तो होकार दर फेरीस नव्याने द्यावा लागतो, आणि मागच्या फेरीचा पुढच्या फेरीस चालत नाही. तिसऱ्या फेरीत, गांधी पुलाखाली, ही तिसरी की दुसरी याचाच मला भ्रम पडला. फिती मोजल्या तेव्हा दोन निघाल्या, आणि घामाने एक गळून पडली असेल, अशी अत्यंत अप्रामाणिक आशा मी काही काळ बाळगली. हिरवी फीत मी मान खाली घालूनच बांधून घेतली आणि उजवीकडे वळलो.

चौथ्या वेळी फाट्याशी आलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. मुलाने काहीच विचारले नाही, माझ्या मनगटाकडे पाहिले आणि हात डावीकडे केला. पण तीन वेळा नाकारण्याची सवय पायांत इतकी मुरली होती की मी सरळ उजवीकडे निघालो. "काका, पती गयुं! आ बाजु!", संपले, इकडे, असे ओरडत तो मागून धावत आला. वळून जी दहाबारा पावले मला परत यावे लागले ती कोणत्याही मोजणीत धरलेली नाहीत.