घर कोणी ठरवायचे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब निरोप घ्यायला आले होते. मुलाला कॅनडात नोकरी लागली होती. तो, त्याची पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे तिघे निघाले होते. स्नानसंस्काराचे दाखले आणि तिकडच्या धर्मगुरूंसाठी आमचे एक पत्र त्यांना हवे होते. आम्ही नेहमीच्या सवयीने म्हणालो, "जाल तिथे देव आहेच. तेच आपले घर समजून राहा." मागे बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "फादर, समजून घर होतं का हो?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही. पुढे पुष्कळ दिवस तो मनात घोळत राहिला. त्या निमित्ताने आपल्याच गावच्या एका जुन्या हकिकतीकडे आमचे लक्ष गेले. ती आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मिशनरी म्हटला की बाहेरून आपल्याकडे आलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले, येथल्या भाषेत रमले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु नाशिकहूनही मिशनरी कुटुंबे समुद्रापार गेली, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

शरणपूर रोडने आपण रोज ये-जा करतो. ज्या वस्तीवरून त्या रस्त्याला नाव पडले, ती चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली वसवली. ही मंडळी प्रोटेस्टंट पंथाची होती. त्या काळी गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडीत असे. सुटका झालेली आफ्रिकन मुले मुंबई बंदरात उतरवली जात आणि त्यांपैकी कित्येकांना शरणपूरला धाडले जाई. तेथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम आणि शेती करायला शिकली. त्यांना नवा धर्म मिळाला, नवी नावे मिळाली. डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांचे १८७३ साली आफ्रिकेत निधन झाले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट याच शाळेत शिकलेला होता.

याच शाळेतील विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८६४ साली त्यांच्या पत्नींसह मोंबासाजवळील रबाई येथे धर्मशिक्षक म्हणून पाठवण्यात आले. पाठवणाऱ्यांच्या मनातला विचार सरळ होता. ही माणसे आफ्रिकेची आहेत, तेव्हा आफ्रिका हेच त्यांचे घर. तेथे त्यांचा जम सहज बसेल.

आमचे मन येथे अडखळते. अशा मुलांपैकी अनेकांची जन्मगावे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत होती. रबाईची बोली त्यांची नव्हती. बालपणातली उरलीसुरली वर्षे गोदाकाठी गेली होती. रबाईला पहिल्या दिवशी चूल पेटवताना त्या दोघी स्त्रियांनी कोणत्या भाषेत मीठ मागितले असेल? शेजारणींनी त्यांना आपल्यातले मानले असेल की परके? कातडीचा रंग जुळला म्हणून घर जुळत नाही. गोऱ्या मिशनऱ्याला लोक परका म्हणून निदान सांभाळून घेतात. पण जो आपल्यासारखा दिसतो आणि आपल्यासारखा बोलत नाही, त्याचे परकेपण अधिक अवघड असते.

येथूनच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याने एखाद्याला गुलामगिरीतून सोडवले, त्याला त्या माणसाचे घर कोठे असावे हे ठरवण्याचा अधिकार मिळतो काय? उपकार हा एक प्रकारचा मालकीहक्क आहे काय? प्राइससाहेबांचा हेतू शुद्ध होता, याविषयी आम्हांला संशय नाही. परंतु शुद्ध हेतूचा माणूसही समोरच्याला विचारायचे विसरतो, किंबहुना हेतू शुद्ध असल्यामुळेच विसरतो. संत पौलाने अनेसिम या गुलामाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवले. तुझ्या संमतीवाचून मला काही करावयाचे नाही, असे त्याने फिलेमोनाला नम्रपणे कळवले. ते पत्र आम्ही अनेकदा वाचले आहे. अनेसिमाची संमती कोणी घेतली होती काय, हे त्या पत्रातून कळत नाही.

मग रबाई हे जोन्स यांचे घर झाले तरी कसे? लूकच्या शुभवर्तमानात प्रभू बहात्तर शिष्यांना पाठवतो तेव्हा झोळी व थैली घेऊ नका, ज्या घरी जाल तेथे वाढतील ते खा, असे सांगतो. म्हणजे देण्यासाठी निघालेल्याला प्रभू आधी घ्यायला लावतो. आपल्या हाती काही नाही, आपण पाहुणे आहोत, हे ज्याला उमगले नाही त्याचे शुभवर्तमान दारातच थांबते. आधी पाहुणा व्हावे लागते. मात्र पाहुणा हा घराचा अर्धाच भाग झाला.

उरलेला अर्धा भाग रबाईतच घडला. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन यांचा वध झाला, आणि मागे राहिलेला तांडा सांभाळून परत आणण्याचे काम जोन्स यांनी केले. (त्या वधाबद्दल राजा म्वांगाला खडसावल्यामुळे ज्यांनी प्राण दिले, ते जोसेफ मुकासा आपल्या युगांडाच्या संतांपैकी एक होत. हौतात्म्यापुढे पंथांच्या भिंती कशा खुज्या होतात, हे यावरून दिसावे.) त्या वर्षांत किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला येत होते. गुलामगिरी तेथे अजून कायद्याला मान्य होती आणि पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नये, असेच मिशनच्या वरिष्ठांचे धोरण होते. तरीही जोन्स यांच्या रबाईत शेकडो माणसे राहू लागली. १८८८ साली मालकांचा संताप विकोपाला गेला. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना मोबदला दिला आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाई व आसपासच्या मिशनांतील सुमारे १४०० जणांची सुटका झाली.

शरण आलेल्याला आत घेण्याची आज्ञा जोन्स यांना कोणी दिली नव्हती. ते घर मात्र त्यांनी स्वतः ठरवले. पाठवले दुसऱ्यांनी; दार उघडले त्यांनी. शरणपूर हे नाव नाशिकला राहिले, पण त्याचा अर्थ रबाईत पुन्हा एकदा खरा ठरला.

म्हणून आजींना आज आम्ही एवढेच सांगू: समजून घर होत नाही. प्रथम शेजाऱ्याने दिलेले संकोच न करता घ्यावे, त्याची भाषा चुकतमाकत बोलावी, आपले अडाणीपण सोसावे. मग एखाद्या दिवशी आपल्याहूनही नवखा कोणी दाराशी येतो. त्याला आत घेतले की आपण कोठे राहतो, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

हे सुचायला आम्हांला उशीर झाला. दाखल्यांवर सही करीत असताना आम्ही त्या नऊ वर्षांच्या मुलाला विचारले होते, "काय रे, तुला जायचंय ना?" त्याने आधी वडिलांकडे पाहिले, मग आजीकडे, आणि तो गप्प राहिला. आम्ही हसून शिक्का मारला. हा प्रश्न आम्ही त्याला पहिल्याने विचारावयास हवा होता आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावयास हवे होते.