वाचक कोठें उभा असतो?

कादंबऱ्या वाचून मनुष्य सुधारतो कीं बिघडतो, हा वाद मराठींत जवळजवळ कादंबरीइतकाच जुना आहे. पूर्वीचे वडीलधारे मुलींच्या हातांत कादंबरी दिसली कीं कपाळास आठ्या घालीत. आतांचे वडीलधारे मुलांच्या हातांत ती दिसत नाहीं म्हणून हळहळतात. दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, कादंबरी वाचकाच्या अंतःकरणावर कांहीं तरी परिणाम करिते. तो परिणाम कोणता, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो. गेल्या पावसाळ्यांत मीं तीन मराठी कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या. तिन्ही जुन्या, तिन्ही नांवाजलेल्या, आणि तिन्हींचा विषय माणसाच्या वांट्यास येणारा अन्याय. तिन्हींनीं मला अस्वस्थ केलें, परंतु ती अस्वस्थता तीन निरनिराळ्या जातींची होती. तिचा विचार करीत असतां जो प्रश्न मनांत उभा राहिला तो असा: कल्पित माणसांच्या दुःखानें आपल्या डोळ्यांस पाणी येतें, त्या पाण्याचें नैतिक मोल किती?

साहित्यानंदाची मीमांसा करितांना न. चिं. केळकरांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो आणि त्याच वेळीं स्वतःही राहतो. या दुहेरी अनुभवांत आनंदाचें मूळ आहे, असा तिचा थोडक्यांत आशय. आनंदापुरती ही उपपत्ति मला पटते. पण नीतीच्या दृष्टीनें पाहणाऱ्यानें तिला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. एकरूप व्हावयाचें तें कोणाशीं? कथेंत छळणारा असतो, छळला जाणारा असतो, आणि बाजूस उभा राहून पाहणाराही असतो. निवडीची मोकळीक असली म्हणजे वाचक यांपैकीं कोणाची जागा पसंत करील, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली आहे. बालपणचा बापाचा धाक, सासरचा जाच, पतीबरोबर मुंबईंत घालविलेले थोडेसे सुखाचे दिवस, अकालीं आलेलें वैधव्य आणि शेवटीं बळजबरीनें झालेलें केशवपन, हें सर्व ती इतक्या साध्या घरगुती भाषेंत सांगते कीं, आपण तिच्याजवळ बसून ऐकत आहों असें वाटतें. पुस्तक मिटतांना मनांत शंकरमामंजींविषयीं संताप असतो आणि यमूविषयीं अपार करुणा. परंतु या करुणेपायीं आज आपल्याला काय द्यावें लागतें? कांहींच नाहीं. आपल्या घरांत आतां कोणी केशवपन करवीत नाहीं. शंकरमामंजी आपले कोणी लागत नाहींत. आपण सहजच यमूच्या बाजूस जाऊन उभे राहतों, कारण समोरच्या बाजूस उभें राहण्यास आतां कोणी उरलेलें नाहीं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्टांवर रागावणें सोपें असतें; आपण तसे नाहीं, हें एक गोड समाधानही त्यांत मिळून जातें.

हीच कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली, तेव्हां गोष्ट निराळी होती. त्या वेळच्या एखाद्या पुणेरी वाड्याची कल्पना करावी. माजघरांत दिव्याशीं बसून कोणी अंक मोठ्यानें वाचीत आहे, आणि पलीकडे स्वयंपाकघराच्या दाराशीं लाल आलवणांतली एखादी आत्या किंवा काकू तें ऐकत आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत यमूसाठीं पाणी आलें, तर तें पुसून वर पाहतांच त्याला एक चेहरा दिसणार होता. त्या अश्रूला किंमत होती, कारण त्याच्या मागोमाग एक जबाबदारी येत होती. ती पत्करली तर काय होतें, हेंही त्या पिढीनें पाहिलें. कादंबरी पुस्तकरूपानें निघाली त्याच १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं एका विधवेशीं विवाह केला, आणि त्यांच्याच मुरूड गांवानें त्यांना वाळींत टाकिलें. लक्षांत घेणें म्हणजे काय, याचें एक उत्तर त्या बहिष्कारांत आहे. पुस्तक तेंच, अक्षरें तींच. परंतु वाचकाची जागा बदलल्याबरोबर त्याच्या अश्रूंचें मोल बदललें.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) मध्यें वाचकाला अशी सोयीची जागा मिळत नाहीं. युरोपांतून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर नाझी जर्मनींतून परागंदा झालेलीं ज्यू माणसें, आणि त्यांतलीच एक तरुणी हॅर्टा. गोष्ट सांगणारा चक्रधर दुष्ट नाहीं. पूर्वीच्या प्रेमभंगानें तो कडवट झालेला आहे इतकेंच. हॅर्टा त्याच्यावर सर्वस्वानें प्रेम करिते. तो जवळ जातो आणि हात राखूनही ठेवितो. मुंबई येते, तो उतरतो, ती पुढें जाते, आणि अखेर समुद्रांत स्वतःचा अंत करून घेते. तिला देशोधडीला लावणारे नराधम हजारों मैलांवर होते हें खरें. पण बोटीवर जो मनुष्य एक स्पष्ट शब्द बोलूं शकला असता, तो बोलला नाहीं. कथेंतला 'मी' तोच असल्यामुळें वाचकाला त्याच्याच डोळ्यांनीं पाहावें लागतें. येथें हॅर्टेसाठीं रडणें पुरत नाहीं. कोणाचेंही वाईट न केलेल्या सभ्य गृहस्थानें ऐन वेळीं कच खाल्ली, तर ती दुसऱ्याच्या जिवावर बेतूं शकते, हें कबूल केल्यावांचून हें पुस्तक मिटतां येत नाहीं.

तिसरी कादंबरी 'बळी' (१९५०). विभावरी शिरूरकर या नांवानें ती लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर या विश्राम बेडेकरांच्या पत्नी. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींत काम करून तेथील जीवन त्यांनीं जवळून पाहिलें होतें. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्यानें जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या. नांवांची नोंद, ठराविक वेळीं हजेरी, बाहेर जाण्यास परवाना, आणि पुढें कुंपणाआडच्या वसाहती, अशी ती व्यवस्था होती. गुन्हा केला म्हणून नव्हे, तर जन्मास आला म्हणून मनुष्य गुन्हेगार! या कादंबरीनें मला सर्वांत अधिक बेचैन केलें, कारण हिच्यांत उभें राहण्यास जागाच सांपडेना. कुंपणाआड जन्मलेल्यांपैकीं मी नव्हे. त्यांच्यावर पहारा करणाऱ्यांपैकींही नव्हे. मग मी कोण? जें उत्तर सांपडलें तें सुखाचें नव्हतें. ज्याच्या घरीं चोरी होऊं नये म्हणून तें कुंपण घातलें गेलें, त्या वर्गांतला मी. सुशिक्षित, पापभीरु, कोणास उणा शब्द न बोलणारा हा वर्ग. पण त्याची रात्रीची झोंप दुसऱ्याच्या कैदेवर उभारलेली होती.

तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला; तेव्हां यमूच्या कथेप्रमाणें हीही आतां जुनी झाली, असें कोणी म्हणेल. परंतु १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, राईनपाडा या गांवीं, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजांतील पांच माणसांना जमावानें ठेंचून मारिलें. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा उठली होती. त्या समाजाचा आणि त्या जुन्या कायद्याचा संबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. पण फिरस्ता, अनोळखी, फाटक्या कपड्यांतला मनुष्य दिसला कीं त्याला आधीं गुन्हेगार समजावयाचें, ही मनाची संवय कायद्याबरोबर रद्द झालेली नव्हती. त्या जमावांत आपण नव्हतों. तरी ती संवय आपल्या घरांत नाहीं, असें कोण म्हणूं शकेल? घरांतली वस्तु हरवली म्हणजे पहिला संशय कोणावर जातो, आणि इमारतीच्या फाटकावरचा रखवालदार कोणाला अडवितो व कोणाला सलाम करितो, हें पाहिलें म्हणजे त्या कुंपणाच्या तारा कोठें गेल्या तें कळतें.

यावर कोणी म्हणेल कीं, ललितकृतीकडे नीतीचा धडा मागणें अरसिकपणाचें आहे. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा फडके-खांडेकरांच्या काळचा वाद पुन्हा उकरून काढण्याची मला इच्छा नाहीं. लेखकानें काय लिहावें हें सांगण्याचा अधिकार वाचकाला नाहीं, हें मला मान्य आहे. माझा प्रश्न लेखकाला नसून वाचकाला आहे. करुणरसाचा आस्वाद घेऊन तृप्त होण्यांत पाप नाहीं. पण तें पुण्यही नाहीं. घात होतो तो आस्वादालाच आचरण समजल्यामुळें. रडून मन हलकें झालें म्हणजे ऋण फिटल्यासारखें वाटतें, आणि जी करुणा उंबरठा ओलांडून शेजाऱ्यापर्यंत जावयाची, ती पुस्तकाच्या पानांवरच खर्च होऊन जाते. म्हणून रडूंच नये, किंवा कादंबऱ्या वाचूं नयेत, असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. ज्यानें दुसऱ्याचें दुःख कधीं कल्पनेंतही अनुभवलें नाहीं, त्याला आपली जागा तपासण्याचें कारणच पडत नाहीं. अश्रु हा आरंभ आहे. त्याला शेवट मानूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

दुःखाची कादंबरी वाचून झाल्यावर 'मी किती रडलों?' यापेक्षां 'मी कोठें उभा होतों?' हें स्वतःस विचारावें. असें विचारून पुन्हा यमूच्या कथेकडे पाहिलें, तर तीही फुकटच्या अश्रूंची राहत नाहीं. त्या जगांत केवळ यमू आणि शंकरमामंजी नाहींत. सर्व कांहीं पाहणारीं, मनांतल्या मनांत चुकचुकणारीं आणि गप्प बसणारीं माणसेंही तेथें आहेत. त्यांना यमूची दया येत नव्हती असें नाहीं. दया येऊनही त्यांनीं तोंड उघडलें नाहीं. कादंबरीच्या नांवांतला प्रश्न आपट्यांनीं शंकरमामंजींना विचारलेला नाहीं. त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षाच नव्हती. तो विचारलेला आहे या हळव्या, भल्या आणि मुक्या माणसांना. आणि त्यांच्यांत आपल्यासाठीं अजून पुष्कळ जागा आहे.