जागरणाचे मोल

भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात संगीतमहोत्सव सुरू केला. डिसेंबरच्या थंडीत, उघड्या मैदानावरील मांडवात, अवघडलेल्या पायांनी श्रोते एके काळी तेथे रात्र जागवीत; वर तिकिटाचे पैसेही मोजीत. तेच गायन ध्वनिमुद्रिकेवर घरबसल्या मिळत असता हा खटाटोप कशासाठी?

गायन मिळते खरे. त्याचा प्रहर मिळत नाही. आपला राग वेळेशी बांधलेला आहे. मालकंसाच्या मध्यरात्रीतून जागत आलेल्या श्रोत्याला पहाटेचा ललत सरत्या रात्रीचे उत्तर म्हणून भेटतो. येथे गैरसोय ही श्रवणाची किंमत नसते. ती श्रवणाचाच भाग असते.

तथापि, कष्टाला आपोआप पुण्य चिकटत नाही. स्वेच्छेने पत्करलेले जागरण ही साधना. शेजारच्या आजाऱ्यावर ध्वनिवर्धकाने लादलेले जागरण हा अन्याय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिवर्धकांवर बंदी घातली, सवलत दिली ती मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतच. पहाटेच्या मैफली त्यामुळे सरल्या. रसिकाने हे नुकसान हळहळत का होईना, मान्य केले पाहिजे.

खर्चालाही हीच कसोटी लागते. खुर्ची न परवडणाऱ्याला भारतीय बैठकीवर जागा असेल, तरच उत्सव सर्वांचा. स्वतःच्या झोपेचे मोल देऊन मिळालेला आनंद सार्थ होय. दुसऱ्याच्या झोपेवर उभारलेला आनंद कितीही सुरेल असला, तरी महागच.