नळाला मोटार आणि दुसरे शील

मागच्या उन्हाळ्यात विहारात वंदना आटोपल्यावर एका भगिनीने मला विचारले, "गुरुजी, आपण रोज पंचशील घेतो. मग नळाला मोटार लावून पाणी ओढणे कोणत्या शीलात बसते?" सगळे हसले. मला मात्र हसता आले नाही. माझ्याही नळाला तेव्हा मोटार होती.

मी मराठवाड्यातील एका शहरात शिक्षक आहे. आमच्या गल्लीत पाच दिवसांनी पाणी येते, तेही तासभर. सुरुवातीच्या चार घरांनी मोटारी लावल्या की टोकाच्या घरांत नळातून नुसती हवा येते. माझ्या वर्गातील एक मुलगी त्याच टोकाला राहते. पाण्याच्या दिवशी तिला उशीर होई आणि मी तिला वर्गाबाहेर उभी करीत असे! तिच्या वाट्याचे पाणी ओढणारा मी आणि तिला शिक्षा करणाराही मीच. न दिलेले घेणे म्हणजे अदिन्नादान, हे पाठ असून काय उपयोग? माझी आई लहानपणी गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून ताटकळत बसे. त्या आईचा पदवीधर मुलगा आज शेजाऱ्याला ताटकळत ठेवतो, हे मला फार लागले.

मोटार मी काढली. पण एका घराच्या सदाचाराने शहराची तहान भागत नाही. गल्लीच्या आधी शहराच्या पातळीवर वाटणी होऊन गेलेली असते, आणि ती करताना कुणाला विचारलेले असते?

बंधुभगिनींनो, २०१६ चे लातूर आठवा. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला, मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. तिने ५ लाख लिटर पाणी आणले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती ३ लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास! पुढे मोठ्या गाड्या आल्या, हे खरे. त्या काळात उसाने किती पाणी प्यायले यावर पुष्कळ लिहिले गेले. पण धरणातले पाणी उसाला किती, कारखान्याला किती, घरांना किती, हे ठरताना टाकीपाशी घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना कुणी बैठकीला बोलावले होते काय?

आता एक आकडा सांगतो. पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत नळ व भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर धरले आहे; सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्यासाठी ४०. यात कुणाची जात लिहिलेली नाही. पण सार्वजनिक नळावर कोण उभे असते, हे आपण जाणतो. आणि 'पाणी वाचवा' असा फलक त्याच नळाच्या वर लावलेला असतो. चाळीसवाल्याने काय वाचवायचे? बचतीचा उपदेश बागेला नळी लावणाऱ्या घरापासून सुरू व्हावा, असे मला वाटते.

यावर कुणी म्हणेल, कायदा आहे की! आहेच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा नगरसंस्थांच्या कामांच्या यादीत घातला आणि तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. पण कागद आणि ओंजळ यांत अंतर असते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब पायऱ्या उतरेपर्यंत आपल्या माणसाला त्या पाण्याला हात लावता आला नव्हता.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले आहे. शाक्य संघ कोलियांवर युद्ध पुकारायला निघाला, तेव्हा सिद्धार्थाची सूचना काय होती? आपले दोन, त्यांचे दोन, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा. या पाचांनी वाद मिटवावा. संघाने ती फेटाळली. मला यातली विशेष गोष्ट अशी वाटते की पाण्याचा निवाडा दोन्ही काठांना विचारून करा, असे त्याने तिथे सांगितले.

आमच्या शहरात पुढील ३० वर्षांच्या पाणी योजनेवर नागरिकांची सुनावणी ठेवली होती. बुधवारी सकाळी अकराला! त्या वेळी आमच्या भगिनी धुण्याभांड्याच्या कामावर असतात. तरी खाडा करून सहा जणी आल्या. एक अधिकारी म्हणाले, विषय तांत्रिक आहे. तेव्हा मोटारीचा प्रश्न विचारणारी तीच भगिनी उठली आणि व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो, पाण्याला किती जोर असतो, नाल्याजवळची जलवाहिनी कुठे गळते, हे तिने घड्याळानिशी सांगितले. त्यांच्या नकाशात ती गळती नव्हती.

विचारले जावे असे म्हणताना आपल्याकडेही बोट येते. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७० हजार लिटर पाणी होते, हा चौथीच्या मुलालाही करता येणारा हिशेब. आमच्या विहाराचे छप्पर साधारण तेवढेच आहे, आणि इतकी वर्षे ते पाणी आम्ही गटारात सोडले. यंदा पन्हळी लावून ते बोअरजवळच्या खड्ड्यात सोडले आहे. गल्लीतल्या मोटारींपैकी दोन निघाल्या. दोन अजून आहेत. त्यातली एक विहाराच्या एका जुन्या कार्यकर्त्याची आहे, आणि ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

पुढची सुनावणी रविवारी, वस्तीतच घ्यावी असा अर्ज आम्ही १४२ सह्यांनिशी दिला आहे. उत्तर अद्याप नाही. अर्जासोबत जोडलेली वही त्या टोकाच्या घरातल्या मुलीने लिहिली आहे. तारीख, पाणी आले ती वेळ, गेले ती वेळ आणि भरलेल्या घागरी. पाण्याच्या दिवशी तिला उशीर झाला तर आता मी आधी वही बघतो.