पाण्यावर गाडी चालत नाही

उभेच राहा. घरच्यांनी बेळगावहून येलहंक्याला इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं, आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टला तुम्ही गाडीत काय बसवलंत? पाण्याचं किट! पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो इंजिनात सोडायचा, की म्हणे ॲव्हरेज वाढतं. वीज कुठून आणली? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर कोण फिरवतं? खाली काय बघता, बोला! इंजिनच फिरवतं, पेट्रोल जाळून. पेट्रोलमधल्या शंभर भागांपैकी पंचविसेक क्रँकशाफ्टला मिळतात. अल्टरनेटर त्यातून पंधराएक भागांची वीज देईल, तुमच्या सेलमधून हायड्रोजन निघेल दहा भागांचा. तो पुन्हा त्याच इंजिनात जाळणार! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वर शोभेसाठी रुंद टायर आणि टपावर कॅरिअर. रेल व्हील फॅक्टरी इथेच आहे ना? 1984 पासून चाकं बनवतेय. रुळावरच्या पोलादी चाकाचा रोलिंग रेझिस्टन्स डांबरावरच्या टायरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. तुम्ही मात्र आहे तोही वाढवून आलात. आणि हवा? वेग चाळीसवरून ऐंशीवर नेलात की तिचा विरोध चौपट होतो. एअरो इंडियात विमानांसोबत फोटो काढता, त्यांच्या अंगावर कॅरिअर दिसलं का कधी?

मर्सिडीजच्या ईक्यूएक्सएक्सने 2022 मध्ये एका चार्जवर 1,202 किलोमीटर कापले, तेही शंभर युनिटांहून लहान बॅटरीवर. त्यात जादू नव्हती. हवेशी कमी भांडणारा आकार होता, ड्रॅग कोइफिशंट 0.17; कमी रोधाचे टायर होते, वजनावर कात्री होती.

पण हेब्बाळच्या कोंडीत आकाराचा काय उपयोग, हा प्रश्न तुमच्यापैकी एकानेही विचारला नाही, याचा मला जास्त राग आहे. तिथे पेट्रोल जातं ते उभ्या गाडीत आणि ब्रेकच्या उष्णतेत. म्हणून तर हायब्रिड: गाडी थांबली की इंजिन बंद, ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते. साधी ग्रँड व्हिटारा, तिच्या हायब्रिडचा 2022 चा प्रमाणित आकडा लिटरला 27.97 किलोमीटर होता. तुमच्या किटचं प्रमाणपत्र कुठाय? दुकानदाराच्या मोबाइलमध्ये?

किट काढा, कॅरिअर उतरवा, कंपनीचे टायर परत चढवा, हवा दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढीच भरा. मग कोस्ट-डाउन घ्या, बंदिस्त ट्रॅकवर, बळ्ळारी रोडवर नव्हे. ऐंशीला न्यूट्रल करा आणि वेग उतरताना सेकंद टिपा; दोन्ही दिशांनी, म्हणजे वाऱ्याचा हिशेब सुटेल. हवेचा वाटा किती, टायरचा किती, ते त्यातून वेगळं काढून आणा. तोवर प्रोजेक्टवर माझी सही मिळणार नाही.